नागाचं घड्याळ शरणम्माला

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मी, गंगम्मा भ्रतार लिंगैक्य (म्हणजे कैलासवासी) संगप्पा तोंडारे, वय साठीच्या पुढे, जात लिंगायत वाणी, धंदा घरकाम व घड्याळे दुरुस्त करणे, राहणार चौबाऱ्याजवळ, कसबे उदगीर, जिल्हे बिदर, निजाम सरकारचा मुलूख, आज हा कागद लिहून ठेवते तो असा की, माझे डोके ठिकाणावर आहे, डोळ्यांना सुईचे नाक दिसते आणि कानांना शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येते. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तर त्याचे माझ्यापुढे काही चालले नसते. हे शेवटचे वाक्य गाळावे असे वकील रेणुकादासराव यांचे म्हणणे आहे. ते गाळायचे नाही.

धंद्यापुढे वकिलांनी नुसते 'घरकाम' लिहिले होते, ते मी पुरे करायला लावले. कागद उर्दूत करू, कचेरीत सोयीचे पडते, असेही ते म्हणाले. कचेरीला पाहिजे असेल तर तर्जुमा मागून जोडावा. मला वाचता येत नाही अशा कागदावर मी सही करणार नाही.

हा कागद करण्याचे कारण एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. माझा थोरला मुलगा मन्मथ हा वारला. त्याची बायको शरणम्मा माझ्याजवळ राहते. तिची उडकी व्हावी, म्हणजे तिला पुन्हा नवरा, पुन्हा घर मिळावे, अशी माझी इच्छा आहे. आपल्या लोकांत विधवेची उडकी होते, तिला कोणाची मनाई नाही. पण माझा धाकटा मुलगा पंचाक्षरी याने गेल्या दिवाळीत चार माणसांत तिला सांगितले, "वैनी, जायचं तर नेसत्या लुगड्यावर जाय. ह्या घरातली काडी बी न्यायची न्हाई." ते मी दाराआडून ऐकले. खाली जी कलमे आहेत ती सगळी त्या एका वाक्याला उत्तर म्हणून आहेत.

कलम १. जे माझे आहे तेवढेच मी देते. संगप्पांची आडत, राहते घर आणि तोंडारच्या शिवारातली जमीन पंचाक्षरीची आहे, त्यात मी बोट घालत नाही. माझे म्हणजे माझ्या बापाने मला दिलेले. माझे वडील शिवप्पा यांचे चौबाऱ्यात घड्याळांचे दुकान होते. हैदराबादेत एखाद्या जहागीरदाराची देवडी, म्हणजे वाडा, मोडली की सामानाचा हर्राज होई. लोक झुंबरांवर आणि गालिच्यांवर बोली लावत. बाबा मागे पडलेली बंद घड्याळे घेत, कडब्यात गुंडाळत आणि बैलगाडीतून उदगीरला आणत. विलायती घड्याळे ती, कुठे वेल चढलेला, कुठे पाखरे, कुठे हरणे. करणाऱ्यांना पानाफुलांचे भारी वेड असावे. साहेब लोकांच्या घरात भिंतीत शेकोटी असते आणि तिच्या वरच्या फळीवर ही घड्याळे मांडतात, असे बाबा सांगत. उदगिरात घरात शेकोटी कशाला पाहिजे? आम्ही ती कोनाड्यात मांडली. मला बाळबोध अक्षर यायच्या आधी तबकडीवरचे विलायती आकडे यायला लागले.

माझ्या लग्नात सासरच्यांनी सोन्याची चौकशी केली. बाबांनी सोनेही घातले आणि वर तीन घड्याळे दिली. त्या घड्याळांवरून मला वर्षभर हसले. सोने पुढे आडतीत गेले ते गेलेच. घड्याळे कोनाड्यात आहेत. त्याशिवाय एक चांदीची वाटी, बाबांची हत्यारांची पेटी आणि त्यांच्या दुकानामागचे दोन खणांचे माळवद, म्हणजे धाब्याचे घर, एवढी माझी इस्टेट.

कलम २. मोराचे घड्याळ माझी मुलगी शिवकांता, दिल्या घरी निलंगा, हिला द्यावे. हे पितळी असून त्यावर सोन्याचे पाणी आहे. खाली द्राक्षाचा वेल, वर मोर. मोराच्या डोक्यावर तुरा नाही, कारण तो शिवकांतानेच लहानपणी मोडला आणि मांजराचे नाव सांगितले. दर खेपेला ती म्हणते, "अव्वा, तुझा सगळा जीव त्या सुनेवर." शिवकांता, तुला नवरा आहे, तीन लेकरे आहेत, निलंग्याला तुझी सासू तुला घाबरते. तुझ्यात जीव घालायला जागा कुठे ठेवलीस तू? घड्याळ घेऊन जा आणि आठवड्याला चावी देत जा. जास्त पिळायची नाही, अडली की थांबायचे.

कलम ३. लाकडी घड्याळ पंचाक्षरीला. हे जर्मनीतले आहे. अक्रोडाच्या लाकडात ओकाची पाने कोरलेली आणि दोन हरणे, एक पाणी पिते आहे, एक मागे वळून बघते आहे. पंचाक्षरीने हैदराबादच्या एका दलालाला हे आधीच दाखवलेले आहे. मला कळले नाही असे त्याला वाटते. तो दलाल ज्या दिवशी आला त्या दिवशी घरात शेवयांची खीर झाली होती, आणि माझा मुलगा खीर विनाकारण करायला लावत नाही. विकायचे तर विक बाबा, तुझ्या वाटणीचे आहे. माझ्या हयातीत मात्र त्याला हात लावायचा नाही.

पंचाक्षरी वाईट मुलगा नाही. तोलात मारत नाही, दारू पीत नाही, माझ्यासमोर आवाज चढवत नाही. त्याला फक्त घरातून काही बाहेर गेलेले बघवत नाही, मग ते माणूस असो की तांब्या. बापाचा स्वभाव उचललाय.

कलम ४. आता नागाचे घड्याळ. हे काशाचे आहे. एका झाडाचा बुंधा, बुंध्याच्या ढोलीत तबकडी, वर फांदीच्या बेचक्यात घरटे, घरट्यात पक्षीण पंख पसरून बसलेली, तिच्या पोटाखाली पिल्ले. बुंध्याला वेढे घालून साप वर चढतो आहे. नाग म्हणतात खरे, पण त्याला फणा नाही, साधा विलायती साप आहे. बाबा म्हणत की करणाऱ्याने त्याला घरट्यापर्यंत पोचू दिलेले नाही, एवढे लक्षात ठेव. बाबांचे हे सगळ्यात आवडते घड्याळ होते आणि माझेही आहे.

त्याला नाग केले ते माझी नणंद धोंडाबाई हिने. मन्मथचे लग्न झाले त्या वर्षी नागपंचमीला ती माहेरपणाला आमच्याकडे आली होती. पंचमीला लेकी माहेरी येतात आणि सुना आपापल्या माहेरी जातात, तशी आमची शरणम्मा शिरूर अनंतपाळला गेली होती. त्या वेळी किल्ल्याकडच्या वारुळाची वाट चिखलाने बंद होती. बायका ताटे घेऊन दारात खोळंबल्या. धोंडाबाई म्हणाली, घरात नागोबा बसलेला असताना चिखल कशाला तुडवायचा? आणि चांदीच्या वाटीने तिने घड्याळावर दूध ओतले. लाह्या टाकल्या, हळदकुंकू वाहिले. तिच्यामागे गल्लीतल्या बायकांनी रांग लावली. मी चुलीपुढे पुरणाची दिंडे उकडत होते. मला कळले आणि धावत आले तोवर सांध्यासांध्यातून दूध आत उतरले होते. मी आरडाओरडा केला. संगप्पा म्हणाले, देवाचे आहे, राहू दे, आता पुसू नको. देवाचे म्हटल्यावर पुसायलाही बंदी. मी माझ्या बापाच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले.

ते त्याच दिवशी बंद पडले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. दूध आत नासले, वाळले, दात्यांना चिकटले, आणि घड्याळ रोज थोडे थोडे मंद होत गेले. शरणम्मा माहेराहून परत आली, तिने उंबरा ओलांडला, त्याच सुमाराला ते थांबले. धोंडाबाईने कोनाड्याकडे बोट केले आणि म्हणाली, "बघा, पायगुण." तेवढा एक शब्द त्या पोरीला पुरला.

पुढे दोन वर्षांनी मन्मथ इस्लापूरच्या बाजूला सागवान बघायला गेला आणि तिथला हिवताप घेऊन आला. औषधे झाली, हकीम झाले, तालुक्याचे डॉक्टर झाले. तो गेला. इथे मी वकिलांना दौतीचे झाकण लावायला सांगितले आणि रडून घेतले, मग पुढे सांगितले. माझा मुलगा तापाने गेला. नागाच्या कोपाने गेला नाही, बायकोच्या पायाने गेला नाही. आणि शरणम्मा त्या पंचमीला या घरात नव्हती, तिने त्या घड्याळाला दुधाचा थेंब लावलेला नाही. हे मी तोंडाने इतक्या वेळा सांगितले की माझीच जीभ मला कंटाळली. कोणी ऐकले नाही. आता कागदावर लिहिते. याच्यावर कचेरीचा शिक्का बसला की मग ऐकतील, आपल्या लोकांना शिक्का लई मानवतो.

मन्मथचे वर्ष झाल्यावर मी बाबांची पेटी काढली. शरणम्माला शेजारी बसवले आणि घड्याळ उघडले. आत लाह्यांचे फोल, कुंकवाचा लगदा आणि असा वास की दोघींनी नाकाला पदर लावला. मी म्हटले, "बघ गं बाई, हा तुझा पायगुण." ती आधी घाबरली. मग चिमट्याने एक लाही उचलून उजेडात धरली आणि हसली. वर्षभरात ती पहिल्यांदा हसली होती. आम्ही चक्रे रॉकेलात धुतली, कुंचल्याने दाते साफ केले, चावीने पिळायची पोलादी कमान नवी घातली. घड्याळ चालू झाले. अजून चालते. पंचाक्षरीची बायको येता-जाता त्याच्यावर फडके टाकते आणि मी ते काढते, असे आमचे चाललेले असते.

तेव्हापासून शरणम्मा माझ्या हाताखाली शिकली. आता मी तिच्या हाताखाली आहे, कारण माझा हात थरथरतो. मुन्सफ कचेरीचे घड्याळ, स्टेशनमास्तरांचे घड्याळ ओटीवर येते आणि दुरुस्त होऊन जाते. बाई दुरुस्त करते हे त्यांना ठाऊक आहे, पण ते विचारत नाहीत आणि आम्ही सांगत नाही.

सबब, नागाचे घड्याळ चावीसकट शरणम्माला द्यावे.

कलम ५. ज्या चांदीच्या वाटीने दूध ओतले ती वाटी नणंद धोंडाबाईला द्यावी. घासून, पुसून, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून द्यावी. का दिली असे तिने विचारले तर हे मृत्युपत्र तिला वाचून दाखवावे. तिने विचारले नाही तरी वाचून दाखवावे.

कलम ६. हत्यारांची पेटी, म्हणजे पेचकस, चिमटे, भिंग, तेलाच्या कुप्या, कानशी, सगळी शरणम्माची. दोन खणांचे माळवदही तिचेच. ती पुढच्या कलमाप्रमाणे लग्न करून लातूरला नांदायला गेली तरी ते तिच्याच नावावर राहील. तिने ते भाड्याने द्यावे की कुलूप लावून ठेवावे हा तिचा प्रश्न. पुढे नांदणे जमले नाही तर तिला परत यायला एक दार असावे आणि ते उघडायला तिने कोणाची परवानगी मागू नये. वकील म्हणतात की लग्नाची गोष्ट असलेल्या कागदात न नांदण्याची भाषा अशुभ दिसते. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा माझ्याजवळ ते दार होते, म्हणून मी इथे ताठ राहिले. हा अनुभव आहे, अशुभ काही नाही.

कलम ७. लातूरच्या गंज बाजारात बसलिंग म्हणून एकाचे कापडाचे दुकान आहे. बायको वारलेली, एक लहान मुलगी आहे. बापाचे बंद पडलेले घड्याळ घेऊन तो आमच्याकडे आला होता. दुसऱ्या खेपेला ते न्यायला आला, तिसऱ्या खेपेला चालू घड्याळ बिघडले म्हणून आला. मी ते उघडून पाहिले, त्याला काही झालेले नव्हते. चौथ्या खेपेला त्याने आमच्या जंगमांना, म्हणजे गुरूंना, मध्ये घालून रीतसर विचारले. मी त्याला उन्हात उभा करून नीट बघितला. माणूस चांगला आहे, बोलताना खाली बघतो पण खोटे बोलत नाही. मी शरणम्माला विचारले. ती नको म्हणाली नाही. "तुमाला टाकून कशी जाऊ?" एवढेच म्हणाली.

म्हणून मी असे ठरवते की, मी आहे तोवर शरणम्माने माझ्याजवळ राहावे. माझ्या मागे, माझे दिवस झाले की, तिची उडकी बसलिंगशी लावावी. उडकी रात्री अंधारात, मागल्या दाराने, चोरासारखी करण्याची जी पद्धत आहे ती करू नये. भर उजेडात, पुढच्या ओसरीत, जंगम बोलावून, चुडा भरून करावी. घड्याळ, पेटी आणि माळवदाचा कागद तिच्या हातात त्याच वेळी द्यावा. उडकी केली म्हणून यातली एकही वस्तू परत मागण्याचा कोणाला अधिकार नाही. हे वाक्य वकिलांनी कायद्याच्या भाषेत पुन्हा एकदा खाली लिहावे, पंचाक्षरीला साधी भाषा कळत नाही.

कलम ८. मला आपल्या रिवाजाप्रमाणे बसवून, हातात लिंग देऊन समाधी द्यावी. डोक्यावर पदर नीट घ्यावा. भजनाला वाढवणाच्या गल्लीतले ते खोकणारे बुवा आणू नयेत.

येथवर कागद लिहून झाला आणि वकिलांनी तो ओसरीवर मोठ्याने वाचला. साक्षीदार बसले होते, पंचाक्षरी खांबाला टेकून उभा होता. सातव्या कलमावर तो काही बोलला नाही. माझ्या ठणठणीत तब्येतीकडे बघून त्याला ते कलम फार लांबचे वाटले असावे. वाचून झाल्यावर सही करायला मी टाक हातात घेतला. तेवढ्यात शरणम्मा आतून बाहेर आली. इतक्या पुरुषांसमोर ती कधी येत नाही. तिच्या हाताला घड्याळाचे तेल होते. ती माझ्यासमोर खाली बसली आणि जे बोलली ते शब्दाला शब्द लिहावे असे मी वकिलांना सांगितले आहे.

"अव्वा, ह्याच्यावर सही करू नका. तुमी गेल्यावर मला घर, तुमी गेल्यावर मला माणूस, असं लिवलंय ह्याच्यात. मंग मी रोज सकाळी उठून काय बघू? तुमी उठलाव का न्हाई, हे? तुमाला ताप आला तर मी देवापुढं काय मागू? मला असलं काई नगं. माझं चांगलं होयाला तुमचं मरण नगं."

मी हातातला टाक खाली ठेवला. मी तिला पंचाक्षरीच्या तावडीतून सोडवायला बसले होते, आणि तिला माझ्या मरणाला बांधून ठेवत होते. हे तिने माझ्या तोंडावर सांगितले आणि खरे सांगितले. मला वाईट वाटले, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

म्हणून आता वकिलांनी लिहावे ते असे.

कलम ४, ६ आणि ७ मी माझ्या हाताने रद्द करते. कलम चारमध्ये शरणम्माच्या निर्दोषपणाबद्दल जे लिहिले आहे तेवढे मात्र कायम. हयातीत द्यायचे तर मृत्युपत्र चालत नाही, बक्षीसपत्र करावे लागते, त्याला वेगळा स्टॅम्प लागतो, असे वकील म्हणतात. तर आणा म्हटले. ते आणायला गेले, आले, आणि बक्षीसपत्र याच ओसरीवर आजच लिहून झाले. घड्याळ, चावी, पेटी आणि माळवद शरणम्माचे झाले. मी स्वतः घड्याळ कोनाड्यातून काढून तिच्या मांडीवर दिले. जड आहे, पंचाक्षरीने उचलायला हात दिला. आपण हात दिला हे त्याच्या लक्षात मागाहून आले.

उडकी येत्या वैशाखात. मी हजर राहीन. पुढच्या रांगेत बसेन.

मग माझे कोण बघणार, असे पंचाक्षरीने विचारले. तुझी बायको बघेल. तिचे माझे पटत नाही, पण ती भाकर वेळेवर टाकते आणि तोंडावर भांडते, मागून नाही. दोघी भांडत भांडत निभावून नेऊ. लोक काय म्हणतील, असेही त्याने विचारले. लोकांना म्हणावे, गंगम्मा अजून घरात आहे, काय ते तिच्यासमोर येऊन बोला.

कलम १, २, ३, ५ आणि ८ कायम आहेत. माझ्या मागे त्यांची बजावणी वकील रेणुकादासराव यांनी करावी, आणि कलम ५ ची विशेष काळजीने करावी.

शरणम्माच्या नावाने मी मेल्यावर द्यायचे म्हणून या कागदात आता काही उरलेले नाही. माझ्या मरणावाचून तिचे काहीही अडून राहिलेले नाही. मी आता पाहिजे तेवढी जगायला मोकळी आहे.

हा कागद मी दोनदा वाचून घेतला, एकदा ऐकून आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी. सही माझी आहे, अंगठा नाही.

सही : गंगम्मा भ्रतार संगप्पा तोंडारे

साक्षीदार :
१. अनंतराव देगलूरकर, शिक्षक, उदगीर. (सही)
२. केवळाबाई भ्रतार ग्यानोबा सुतार, शेजारीण. (डाव्या हाताचा अंगठा.) बाईची साक्ष कमजोर धरतात, असे वकील म्हणाले. त्या पंचमीला ती रांगेत उभी होती आणि तिने सगळे पाहिले आहे, म्हणून तीच पाहिजे.

लिहिणार : रेणुकादास, वकील, उदगीर. पक्षकाराने सांगितल्याप्रमाणे, काही न गाळता लिहिले.

मुक्काम उदगीर, चैत्र वद्य पंचमी, शके १८६१, माहे खुर्दाद, सन १३४८ फसली.